कात्री आणि जावईबापूंची एक ओळ

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर मॅडम. पण जिन्यात पाठ वळली की कात्री. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर कापायचं, लांबलेली मीटिंग मधोमध तोडायची, कुणी फार फुगून बोलायला लागला की एका शब्दात त्याची हवा काढायची, हे सगळं ती इतक्या सफाईने करायची की कापलं गेलंय हे माणसाला जागेवर जाऊन बसल्यावर कळायचं.

ऑफिस होतं एका बस कंपनीचं. शहरातल्या अनेक शाळांच्या मुलांना घरून न्यायचं आणि परत घरी आणून सोडायचं, हा कंपनीचा धंदा. खाली यार्ड, यार्डाच्या कडेला गॅरेज आणि गॅरेजच्या डोक्यावर ऑफिस. खाली कुणी बसचं इंजिन तापवलं की वर टेबलावरचा चहा थरथरायचा. नवीन माणूस पहिल्या दिवशी दचकून उठायचा. कात्री त्याच्याकडे न बघता म्हणायची, ‘‘भूकंप नाही. सात नंबर आहे.’’

कंपनीतला एकुलता एक प्रोग्राम तिने लिहिला होता. काम ऐकायला सोपं. सत्र सुरू व्हायच्या आधी सगळ्या शाळांतल्या मुलांची नावं यायची आणि संगणकात एकामागून एक अशी एका लांबलचक रांगेत उभी राहायची. या रांगेला प्रोग्रामवाले ॲरे म्हणतात. ती रांग जशीच्या तशी काही कामाची नसते. आधी तिचे गट पाडायचे: टेकडीवरची मुलं एकीकडे, कालव्याकाठची एकीकडे, जुन्या बाजाराकडची एकीकडे. मग एकेका गटाचे बसमध्ये मावतील एवढे तुकडे करायचे. शेवटी जी चार-दोन मुलं उरतात त्यांना छोटी गाडी द्यायची. आधी गट, मग तुकडे. बस, एवढंच. पण हे एवढंच नीट लिहिणारे किती थोडे असतात यावर कात्री तासभर बोलू शकायची, आणि त्या तासाभरात आपल्या शिक्षकांपासून कंपनीच्या मालकापर्यंत एकालाही सोडायची नाही.

ही जीभ तिला आईकडून मिळाली होती. आई धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. घरोघरचे धुतलेले कपडे एका मोठ्या ढिगात पडलेले असायचे आणि शाळेला जायच्या आधी दोघी बहिणींनी तो ढीग घराघराप्रमाणे लावायचा, असा नियम होता. आई इस्त्री फिरवता फिरवता एकेका गिऱ्हाइकाची हजेरी घ्यायची. ‘‘हा बघ, सभेत स्वच्छतेवर भाषणं ठोकतो. कॉलर बघ याची आतून.’’ ‘‘या बाईंच्या घरी म्हणे सगळं परदेशी. टॉवेलची चाळण झालीय.’’ धाकटी खो खो हसायची आणि विसरून जायची. थोरली विसरायची नाही. पुढे कुणीही कितीही कडक इस्त्रीत समोर आला तरी याची कॉलर आतून कशी असेल, हा विचार तिच्या मनात आधी यायचा.

कॉलेजात मास्तरांनी ॲरे शिकवताना फळ्यावर आगगाडीचे डबे काढले, तेव्हा ती मनात म्हणाली, आगगाडी कसली, हा तर आमचा ढीग. त्या दिवसापासून तिला या कामात कधी अडलं नाही. आणि ज्यांना अडायचं त्यांची कधी कीवही आली नाही.

लग्न तिने एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी केलं. हा नवरा शांत माणूस. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं ठीक करायचा. स्वतःचा पारा मात्र ना वर जायचा ना खाली. बायको घरी येऊन जगाची सालटी काढायला लागली की तो ऐकत बसायचा आणि मध्येच एखादा साधा प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नांचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

धाकटीने मात्र बोलक्या माणसाशी लग्न केलं. त्याला सासरी सगळे जावईबापू म्हणत. उंच, हसरा, केसांची घडी कधी न मोडणारा. सोफे विकायचा. बोलण्यात असा गोडवा की माणूस उशी घ्यायला जाऊन अख्खा दिवाणखाना घेऊन परतायचा. पण ते दुकान बंद पडलं, जावईबापू घरी बसले आणि धाकटीने बहिणीला गळ घातली.

‘‘ताई, तुझ्या मालकांकडे एक शब्द टाक ना गं.’’

कात्रीने शब्द टाकला. मालकांना ती म्हणाली, ‘‘बोलायला बरा आहे.’’ तिच्या तोंडी ही शिवी होती. पण मालक हा माणूस असा, की प्रिंटर कागद ओढायला लागला तरी दोन पावलं मागे सरकायचा. त्याला वाटलं, शिफारस आहे. जावईबापू फोनवर लागले. चिडलेल्या पालकांना शांत करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी झकास केलं. एवढ्यावर थांबले असते तर कात्रीनेही त्यांना चांगलं म्हटलं असतं. निदान वाईट म्हटलं नसतं.

पण जावईबापूंनी कुठलासा काही आठवड्यांचा कोर्स केला. सर्टिफिकेट काचेत बसवून खुर्चीमागे टांगलं. मालकांना जेवायला नेऊन ‘डेटा’ आणि ‘भविष्य’ हे दोन शब्द आलटून पालटून ऐकवले. आणि एका सकाळी नोटीस लागली की कंपनीत आता डिजिटल विभाग सुरू झाला असून जावईबापू त्याचे प्रमुख आहेत. विभागात एकूण तीन जण: जावईबापू, कात्री आणि प्रिंटर.

त्या दिवसापासून ती त्यांना ‘सर’ म्हणायला लागली. तो दोन अक्षरी शब्द ती इतका लांबवायची की ऐकणाऱ्याला त्यात तीन शब्द ऐकू यायचे. जावईबापू ऑफिसात तिला मॅडम म्हणत आणि घरी ताई. या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे यार्डातून फाटकापर्यंत चालताना, काही न म्हणता नुसते हसत.

मग त्यांच्या मनाने घेतलं की ताईंचा प्रोग्राम जुनाट झालाय.

त्यासाठी मोठी मीटिंग भरली. मालक, हिशोबनीस, यार्डाचा सुपरवायझर, फोनवरच्या मुली, सगळे दाटीवाटीने बसले. पडद्यावर जावईबापूंनी आधी कात्रीचा कोड दाखवला. तो सरकवत राहिले, सरकवत राहिले, पानामागून पान.

‘‘बघा, किती वर्षं आपण हे ओझं वाहतोय,’’ ते म्हणाले. आवाजात हळहळ अशी की जणू कुणी आजारी आहे. मग त्यांनी बटण दाबलं आणि पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. ‘‘आणि हे माझं. तेच काम. एका ओळीत.’’

टाळ्या पडल्या. हिशोबनीस तर चक्क ‘वा’ म्हणाला. त्याला त्या ओळीतलं एक अक्षर कळलं नव्हतं, पण ती लहान आहे हे दिसत होतं, आणि लहान म्हणजे स्वस्त, एवढं त्याला कळत होतं.

कात्रीने ओळ वाचली. वाईट लिहिलेली नव्हती. गट पाडायचं जे तयार हत्यार जावईबापूंनी वापरलं होतं, ते तिला माहीत होतं. त्याची एक खोड आहे. ते रांगेवरून एकदाच चालत जातं आणि शेजारी शेजारी उभी असलेली सारखीच काय ती एकत्र बांधतं. टेकडीची पाच मुलं सलग उभी असली तर त्यांचा एक गट होईल. पण दोन मुलं टेकडीची, मग एक कालव्याचं, मग पुन्हा तीन टेकडीची अशी रांग असेल, तर टेकडीचे दोन वेगळे गट होतील. म्हणून हत्यार चालवण्याआधी रांग वस्तीप्रमाणे लावून घ्यावी लागते, म्हणजे सॉर्ट करावी लागते. जावईबापूंनी ती लावली नव्हती. आणि पुढे तर त्याहून कहर होता. तयार झालेला प्रत्येक गट ते वस्तीच्या नावाच्या डब्यात ठेवत होते. एका नावाचा डबा एकच. टेकडीचा दुसरा गट आला की पहिला डब्यातून बाहेर फेकला जाणार आणि त्या जागी दुसरा बसणार. आरडाओरडा नाही, लाल अक्षरं नाहीत. पहिली मुलं गुपचूप नाहीशी.

तिने विचारलं, ‘‘सर, सॉर्ट केलंय?’’

‘‘मॅडम,’’ जावईबापू समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘आजकालची टूल्स फार हुशार असतात. ते सगळं आतल्या आत होतं.’’

‘‘असं?’’

‘‘शिवाय टेस्ट केलंय ना. गेल्या सत्राची सगळी नावं घालून बघितली. एकही मूल इकडचं तिकडे झालं नाही.’’

होणारच नाही. गेल्या सत्राची नावं कात्रीच्याच प्रोग्राममधून बाहेर पडलेली होती, वस्तीप्रमाणे लावून, घडी घालून. तिनेच लावलेला ढीग तिलाच दाखवून हा गृहस्थ म्हणत होता, बघा, मी किती छान लावला. नव्या सत्राची नावं मात्र पालक जसजसे नोंदवतील तसतशी येणार होती; टेकडी, बाजार, टेकडी, कालवा, कशीही.

हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ती तिच्या जिभेवर आलीसुद्धा. पण समोर हिशोबनीस अजून मान डोलावत होता, मालक जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या कोडचं शेवटचं पान टाकून दिलेल्या पायपुसण्यासारखं लोंबत होतं. तिने पेनाचं टोपण लावलं.

‘‘छान आहे,’’ ती म्हणाली. ‘‘छोटं आहे.’’

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. जावईबापूंच्या सुराची नक्कल केली, हिशोबनिसाची ‘वा’ करून दाखवली. नवरा भांडी पुसता पुसता ऐकत होता.

‘‘मग तू सांगितलंस का त्याला?’’

‘‘विचारलं की. सगळ्यांसमोर विचारलं.’’

‘‘विचारलंस. सांगितलंस का?’’

तिने पातेलं ओट्यावर आपटलं. ‘‘प्रमुख आहेत ना ते? सर्टिफिकेट लटकवलंय ना भिंतीवर? कळू दे की त्यांचं त्यांना. सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी याद्या माझ्याकडे तपासायला येतातच. तेव्हा दाखवीन. मालकांसमोर दाखवीन.’’

‘‘मुलं आहेत गं ती,’’ नवरा म्हणाला आणि पुसलेलं भांडं जागेवर ठेवलं.

याद्या तपासायला आल्याच नाहीत. जावईबापूंनी व्यवस्था बदलली होती. आता याद्या छापायच्या नाहीत, कुणी बघायच्या नाहीत. त्या थेट ड्रायव्हरांच्या मोबाइलवर जाणार. त्यांनी तिला येऊन सांगितलं, ‘‘मॅडम, तुम्ही इतकी वर्षं फार केलंत. आता जरा आराम करा.’’ तिला राग आला तो ‘आराम’ या शब्दाचा. त्या रागात तिने खांदे उडवले, ‘‘बरं, सर,’’ म्हणाली आणि वेळेवर घरी गेली. याद्या स्वतः उघडून बघायला तिला कुणी मनाई केली नव्हती. तिने उघडल्या नाहीत.

सत्राच्या पहिल्या सकाळी ती जिना चढत होती तेव्हाच वर सगळे फोन एकदम वाजत होते. फोनवरच्या मुली एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा लावून बसल्या होत्या. ‘‘हो मॅडम... नाही मॅडम... बस आली होती? मग घेतलं का नाही?’’

सुपरवायझर धापा टाकत वर आला. ‘‘काय चाललंय काय? टेकडीची गाडी रिकामी फिरतेय! ड्रायव्हर म्हणतो यादीत तीनच पोरं आहेत आणि फुटपाथवर ही एवढी गर्दी. पोरं दप्तरं घेऊन उभी, हा नाव शोधतोय, नाव नाही, दार लावून पुढे!’’

‘‘घेतली का नाहीत सरळ?’’ एका मुलीने विचारलं.

‘‘यादीत नसलेलं मूल घ्यायचं नाही असा नियम आहे ना! आपणच केलाय. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने घेतली सगळी, बाकीचे नियमाने चाललेत.’’

जावईबापू आपल्या खुर्चीत होते. कानाला हेडफोन, चेहरा कागदासारखा पांढरा. ‘‘सर्व्हर जरा स्लो आहे,’’ ते कुणाकडेही न बघता म्हणत होते. ‘‘रिफ्रेश होतंय.’’ होत काहीच नव्हतं. ते एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते आणि तीच तीन मुलं पुन्हा पुन्हा दिसत होती.

मालक आले. ‘‘मुलं कुठे गेली?’’

जावईबापूंची ततपप सुरू झाली. कात्री म्हणाली, ‘‘मुलं कुठेही गेलेली नाहीत. आपापल्या स्टॉपवर उभी आहेत. यादीतून गेलीयत.’’ मग जावईबापूंकडे वळून, ‘‘उठा, सर.’’

ते उठले. ती त्यांच्या खुर्चीत बसली. ती एक ओळ उघडली आणि गट पाडायच्या आधी रांग वस्तीप्रमाणे लावून घेण्याचा शब्द घातला. एकच शब्द. मालक खांद्यावरून वाकून बघत होते. एवढ्याने काय होणार, असा त्यांचा चेहरा. तिने बटण दाबलं आणि टेकडीचा गट भरला, कालव्याचा भरला, जुना बाजार तर ओसंडून वाहू लागला. त्याचे आपोआप तीन तुकडे झाले आणि उरलेल्यांना छोटी गाडी मिळाली. नव्या याद्या ड्रायव्हरांकडे गेल्या. सुपरवायझर खिडकीतून ओरडत फोनवर गाड्या मागे वळवायला लागला.

हे चालू असतानाच धाकटी जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. एका हाताला मुलगी, दुसऱ्या हातात तिचं दप्तर. मुलीच्या पायात नवे बूट होते आणि ती फोनच्या गोंगाटाकडे डोळे मोठे करून बघत होती. आपल्याच वडिलांच्या कंपनीच्या बसने तिला घेतलं नव्हतं.

‘‘माझ्यासमोर दार लावलं त्याने,’’ धाकटी नवऱ्याला म्हणाली. ‘‘मी सांगितलं, अहो, हिचे वडील तुमच्याच ऑफिसात प्रमुख आहेत. तो म्हणाला, बाई, नाव नाही. सगळी मुलं बघत होती. फोन का उचलत नाही तुम्ही?’’

‘‘टेक्निकल इश्यू आहे गं,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘रांगेचा क्रम... म्हणजे इनपुट जरा अनपेक्षित आलं.’’

कात्रीला खुदकन हसू आलं. ते तिने दाबलं, पण बहिणीच्या नजरेतून सुटलं नाही. धाकटी तिच्याकडे वळली.

‘‘तुला नव्हतं दिसलं हे? तुला तर सगळ्यांचं सगळं दिसतं.’’

कात्री खोटं बोलू शकली असती. तिच्यात असंख्य दोष होते, पण हा नव्हता. ‘‘दिसलं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘मग?’’

‘‘मी विचारलं होतं त्यांना. सगळ्यांसमोर.’’

‘‘तू कसं विचारतेस ते मला शिकवू नकोस,’’ धाकटी हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘‘आईच्या दुकानात मी कुणाचा शर्ट चुकीच्या ढिगात टाकला की तुला लगेच दिसायचं. पण तू बोलायची नाहीस. आई येऊन माझ्या पाठीत धपाटा घालेपर्यंत तशीच बघत बसायचीस. आणि मग म्हणायचीस, मला माहीतच होतं.’’

मालक छताकडे बघायला लागले. फोनवरच्या मुलींना एकाएकी फार काम लागलं. धाकटीने मुलीचं दप्तर तिच्या पाठीला अडकवलं, तिला घेऊन खाली गेली आणि पहिल्या मिळालेल्या बसमध्ये बसवून स्वतः पायी घरी निघून गेली. बहिणीकडे तिने वळून पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही.

पुढे जे झालं ते कुठल्याही कंपनीत होतं तसंच झालं. पालकांना माफीचं पत्र गेलं. ते जावईबापूंनी लिहिलं होतं आणि त्यात म्हटलं होतं की काही कुटुंबांनी नोंदणी विशिष्ट क्रमाने न केल्यामुळे गैरसोय झाली. म्हणजे टेकडीवरच्या लोकांनी आधी आपसात ठरवून, एकमेकांचा हात धरून, सलग नोंदणी करायला हवी होती. कात्रीने ते पत्र दोनदा वाचलं आणि तिला जावईबापूंबद्दल क्षणभर आदर वाटला. स्वतःच्या खड्ड्याचं खापर रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावर फोडायला छाती लागते. मग समिती बसली. समितीत मालक, हिशोबनीस आणि जावईबापू. समितीने निष्कर्ष काढला की सर्वांनी अधिक सजग राहावं. हा निष्कर्ष जाड कागदावर छापून जिन्यात लावण्यात आला. छापताना प्रिंटरने दोनदा कागद चावला.

त्या दिवसांत कात्री एका कामात गुंतली होती, ज्याचा तिने कुणाजवळ उच्चार केला नाही. जावईबापूंच्या ओळीत आणखी चुका शोधायचं काम. मुलं वाढवून बघितली, एकही मूल नसलेली वस्ती घालून बघितली, एकाच मुलाची वस्ती घालून बघितली, रांग उलटी केली. तो एक शब्द आधी घातला की ओळ बिनचूक चालत होती. तिच्या पानांहून वेगाने. तिच्या कोडमध्ये तर एका जागी तेच काम दोनदा केलेलं होतं, हे तिला इतक्या वर्षांनी प्रथमच दिसलं आणि ती खुर्चीत एकटीच लाल झाली. रिकाम्या ऑफिसात एका दुपारी तिने आपली सगळी पानं पुसून टाकली आणि ती ओळ ठेवली. मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. मागे फक्त काचेतलं सर्टिफिकेट होतं.

धाकटी तिच्याशी बोलेना. आधी कात्रीने मनावर घेतलं नाही. रुसू दे, म्हणाली. पण रविवार येत आणि जात राहिले, फोन वाजे तो दुसऱ्याच कुणाचा. दोनदा तिने स्वतः नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. नवऱ्याने एकदा विचारलं, ‘‘तू जाऊन का नाही येत?’’

‘‘जाऊन काय सांगू? प्रोग्राम तिच्या नवऱ्याने बिघडवला.’’

‘‘प्रोग्रामचं नाही विचारलं मी,’’ नवरा म्हणाला. बराच वेळ ती एकच बशी पुसत राहिली.

जावईबापूंचं मात्र भलं झालं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. अर्जात त्यांनी लिहिलं होतं की त्यांनी हजारो मुलांच्या वाहतुकीचं गटीकरण एका ओळीत आणलं. यात खोटं काही नव्हतं, हीच कात्रीची सगळ्यात मोठी तक्रार होती. निरोप समारंभात मालकांनी त्यांना घड्याळ दिलं आणि जावईबापूंनी पाऊण तास भाषण केलं.

घर हलवायच्या आधी धाकटीचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. ‘‘खोकी बांधायची आहेत. येतेस का?’’

कात्री नवऱ्याला घेऊन गेली. दोघी बहिणी दिवसभर सामान बांधत राहिल्या. फारसं बोलणं नाही. कुठलं कुठे ते धाकटी सांगायची, थोरली भरायची. एकदा धाकटीने काचेचे पेले पुस्तकांच्या खोक्यात ठेवले. कात्रीने ते पाहिलं. तोंडावर आलेलं वाक्य तिने गिळलं; गिळताना तिला किती कष्ट पडले ते तिच्या मानेच्या शिरांवरून कळलं असतं. मग ती म्हणाली, ‘‘हे पेले यात फुटतील. पुस्तकांचं वजन येईल. कपड्यांत घालूया.’’

धाकटीने मान वर केली. ‘‘बोलता येतं की तुला.’’

‘‘फार लांब वाक्य झालं,’’ कात्री म्हणाली.

धाकटी हसली नाही. पण पेले काढून तिच्या हातात दिले.

निघताना जावईबापू दारापर्यंत पोहोचवायला आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, केसांची घडी तशीच. नवरा गाडी काढायला पुढे गेला होता.

‘‘ताई,’’ जावईबापू म्हणाले, ‘‘त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही ‘सॉर्ट केलंय का’ एवढंच म्हणालात. आणखी एक वाक्य बोलला असतात तर?’’

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर नेहमीचा गोडवा नव्हता. माणूस खरंच विचारत होता.

‘‘आणि तुम्ही मला विचारलं असतंत, ताई, सॉर्ट का करायचं? तर?’’

जावईबापू दाराच्या चौकटीला टेकले. ‘‘मला माहीत नाही असं दिसलं असतं ना,’’ ते म्हणाले.

‘‘दिसतच होतं,’’ कात्री म्हणाली. मग जरा थांबून, नाइलाजाने, जणू कुणी हात पिरगाळतंय अशा आवाजात तिने पुढे जोडलं, ‘‘ओळ चांगली आहे तुमची. मी तीच ठेवलीय.’’

जावईबापूंचा चेहरा असा उजळला की तिला बोलल्याचा तत्काळ पश्चात्ताप झाला. ते आता हे नव्या कंपनीत सांगणार, वाढवून सांगणार, काचेतसुद्धा बसवतील. ती भराभर पायऱ्या उतरली. वरून धाकटी ओरडली, ‘‘पोहोचलीस की फोन कर!’’ आणि कात्रीने मागे न बघता हात हलवला.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, ‘‘काय म्हणत होता तो?’’

‘‘काही नाही. निरोपाच्या भाषणात ‘अल्गोरिदम’चा उच्चार तिन्ही वेळा चुकीचा केला होता त्याने. ते सांगायचं राहून गेलं.’’

‘‘वळवू का गाडी?’’ नवरा म्हणाला.

‘‘चल पुढे,’’ ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.